शिडाच्या होडीवर घडीची सायकल: सुरुवातीला एवढंच बघ

किनाऱ्यावर फिरायला होडीवर घडीची सायकल घेऊ का, विचारलंस. घे बिनधास्त, पण महागडी नको. खारं वारं किंमत बघत नाही. चाकं १६ किंवा २० इंची आणि वजन एका हाताला पेलेल इतपतच. ओहोटीला जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर दुसरा हात मोकळा लागतोच.

उतरवण्याआधी फ्रेमला दोरी बांध, दुसरं टोक होडीला. मी एकदा आळस केला आणि सायकल थेट दाभोळच्या खाडीत. गळ टाकून चिखलातून काढली, पण बेअरिंगं गेली ती गेलीच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- डेकवर उघड्यावर बांधतात. आत ठेव.
- प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळतात. दमटपणा आतच कोंडतो. जाड कापडी पिशवी बरी.
- होकायंत्राशेजारी ठेवतात. लोखंडाने सुई भरकटते.

फेरी झाली की गोड्या पाण्याच्या फडक्याने पूस, सुकव, चेनला तेल दे. सीटच्या दांड्याला ग्रीस विसरू नकोस. ॲल्युमिनियम आणि स्टील खाऱ्या हवेत एकमेकांना असे धरून बसतात की हातोडीलाही दाद देत नाहीत.

गिअरचं आत्ताच डोक्यात घेऊ नकोस. हर्णैच्या बाजारापर्यंत जायला ते लागत नाहीत. दापोलीचा चढ चढायचा म्हणालास, की मग बोलू.