दरमहा दहा हजार उरतात, ते नेमके कुठून?

पत्र आफ्रिकेतल्या मलावीहून आलं आहे. वाचक ४१ वर्षांचे, मूळचे नगर जिल्ह्यातले. २०१९ पासून पत्नी आणि दोन मुलांसह ते राजधानी लिलाँग्वेजवळच्या एका मिशन हॉस्पिटलच्या आवारात राहतात. ते सुवार्तेचं काम करतात, पत्नी नर्स आहेत. घर मिशनचं, पगार दोघांनाही नाही. नगर, जालना आणि पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधले चाळीसेक जण मिळून त्यांच्या गावच्या बचत खात्यात महिन्याला सुमारे ५२ हजार रुपये जमा करतात. विमा एजंट असलेल्या मंडळीतल्याच एका बंधूंनी त्यांना 'हमखास पेन्शन' योजना सुचवली आहे. दरसाल १,२०,००० असे दहा वर्षं भरायचे आणि तेराव्या वर्षापासून दहा वर्षं दरसाल २,१६,००० घ्यायचे. 'म्हणजे १८० टक्के परतावा.' घ्यावी का, एवढाच प्रश्न आहे.

सलाम. आधी योजनेचं उत्तर देऊन टाकतो: घेऊ नका. तुमचा प्रत्येक हप्ता बारा वर्षांनी १.८ पट होऊन परत येतो. साध्या मुदत ठेवीत ६ टक्के व्याज धरलं, तर ७२ च्या ढोबळ नियमाने ७२ भागिले ६, म्हणजे बारा वर्षांत पैसे दुप्पट होतात. १.८ पट म्हणजे वर्षाला जेमतेम ५ टक्के. मधली बारा वर्षं गाळून '१८० टक्के' सांगणं ही दिशाभूल आहे, आणि रविवारी शेजारच्या बाकावर बसणाऱ्या माणसाने केली म्हणून ती सौम्य होत नाही. शिवाय तुम्ही पाठवलेल्या फॉर्मच्या फोटोत त्यांनी तुम्हाला 'निवासी भारतीय' लिहिलं आहे. सहा वर्षं तुम्ही मलावीत आहात. विम्याच्या कागदावर हे चुकीचं लिहिलं की उद्या दाव्याच्या वेळी पत्नीला उत्तरं देत बसावं लागेल.

मात्र खरी काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या चार ओळींची. तुम्ही लिहिता: 'इथल्या बँकेतून पैसे काढणं परवडत नाही. बाजारातल्या एका दुकानदाराच्या गुजरातमधल्या भावाच्या खात्यात दरमहा ३० हजार टाकतो, दुकानदार इथे क्वाचा (इथलं चलन) देतो. दर बँकेच्या दुपटीहून चांगला. त्यामुळे १० हजार उरतात.'

याला हवाला म्हणतात. तिथे सगळेच करतात, हे मला मान्य आहे, आणि का करतात तेही कळतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या रिझर्व्ह बँकेने डॉलरचा दर १,१८० वरून १,७०० क्वाचावर नेला, तरी बाहेरचा दर त्याच्या कितीतरी वर पळतच राहिला. सगळ्यात मोठी नोट ५,००० ची, अधिकृत दराने तिचे तीन डॉलरही होत नाहीत. एटीएम एका वेळी ठरावीकच नोटा देतं, म्हणून महिन्यात पाच-सहा वेळा रांग लावायची. भारतीय डेबिट कार्डावर ३.५ टक्क्यांच्या आसपास मार्कअप (चलन बदलण्याचं जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी धरून चार टक्के जातात, दर खेपेचं शुल्क वेगळं. तीस हजार काढायला दोन-अडीच हजार खर्ची पडतात आणि हाती येतो तो अधिकृत दर. दुकानदाराकडे वळावंसं वाटणं साहजिक आहे.

पण फेमा या परकीय चलन कायद्यात अधिकृत बँक टाळून अशी इकडची फेड तिकडे करायला परवानगी नाही. दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. महिना ३० हजार, पाच वर्षं, म्हणजे १८ लाख. तिप्पट ५४ लाख. मलावीतही परकीय चलनाची देवघेव अधिकृत विक्रेत्यामार्फतच करावी लागते. तुमचं तिथलं राहणं वर्क परमिटवर टिकून आहे. परमिट गेलं तर हॉस्पिटलमधली एक नर्स जाईल आणि मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात सुटेल. त्यात तुम्ही परदेशी धर्मसेवक. गुजरातमधल्या त्या खात्यावर उद्या कुणी बोट ठेवलं, तर चाळीस देणगीदारांची नावं तुमच्या पासबुकात आहेत. हे आजच बंद करा, पुढच्या महिन्यापासून नाही.

बंद केलंत की हिशोब कसा दिसतो ते पाहा. दुकानदाराच्या ३० हजारांत जे भागतं, त्याला अधिकृत दराने ६० हजारांहून जास्त लागतील. गावाकडे आईवडिलांना आणि पीपीएफला मिळून १२ हजार जातात. एकूण ७२ हजार, जमा ५२ हजार. तुमच्याकडे दहा हजार उरत नाहीत, वीस हजार कमी पडतात. ज्या हप्त्याबद्दल तुम्ही विचारता आहात, तो पूर्ण हवाल्याच्या दरातून निघतो आहे.

ही तूट मंडळ्यांना सांगा. पत्रकात मक्याच्या पिठाची पन्नास किलोची गोणी, कोळसा, पेट्रोल, शाळेची फी आणि परमिटचं नूतनीकरण यांचे आजचे भाव लिहा, शेजारी अधिकृत दराने रुपये मांडा. प्रार्थनाविषय म्हणून एक ओळ टाकण्यापेक्षा हा तक्ता जास्त कामाचा. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेला पैसा नेताना मुद्दाम इतर बंधूंना सोबत घेतलं, कारण प्रभूसमोर आणि माणसांसमोरही व्यवहार स्वच्छ दिसावा ही त्याची इच्छा होती (२ करिंथ, अध्याय ८). देणाऱ्यांना खरा आकडा कळायला हवा. फी आणि इतर मोठे खर्च डॉलरमध्ये आकारले जात असतील, तर ते भारतातून बँकेमार्फत थेट पाठवता येतात का ते विचारा; सहा वेळा कार्ड घासण्यापेक्षा एक हस्तांतर स्वस्त पडतं.

आता खातं. अनिश्चित काळासाठी परदेशात गेलेल्या माणसाला साधं निवासी बचत खातं चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. पासपोर्ट, परमिट आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती लागतात. साक्षांकन लागलं तर लिलाँग्वेत भारतीय उच्चायुक्तालय आहे. रुपयांत आलेली देणगी परदेशातल्या कमाईसाठी असलेल्या, करमुक्त व्याजाच्या एनआरई खात्यात टाकता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. एजंट लोक ते मिसळून सांगतात. अनिवासी नातेवाइकाला रुपयांत भेट देण्याची सोय नियमांत आहे, परक्यांसाठी ती तशी सरळ नाही. म्हणून चाळीस जणांनी थेट तुमच्या खात्यात टाकण्याऐवजी तुम्हाला सेवेला पाठवणाऱ्या संस्थेमार्फत मानधन यावं. पण भारतातल्या धर्मादाय ट्रस्टने देशाबाहेरच्या कामावर केलेला खर्च करसवलतीसाठी सहसा धरला जात नाही. त्यामुळे विश्वस्तांनी आधी त्यांच्या सीएला विचारावं.

'हे दान आहे, त्यामुळे रिटर्न भरत नाही,' हे तुमचं वाक्य मला तितकंच खटकलं. दान ट्रस्टला मिळतं. तुमच्या नावावर आलं की ते तुमचं. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात ५० हजारांहून जास्त आले, तर पूर्ण रक्कम करपात्र. सेवा म्हणून मिळालं असं म्हणालात तरी सुटका नाही: १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्रिवेंद्रमच्या कृष्ण मेनन यांच्या खटल्यात, वेदान्त शिकवणं हा त्यांचा व्यवसाय आहे आणि इंग्रज शिष्याने दिलेले पैसे हे त्यांचं उत्पन्न आहे, असं ठरवलं. व्यवसाय धरला तर कामाचा खर्च वजा मागता येतो, एवढा फरक. ते सीएने ठरवावं.

रक्कम तशी भयंकर नाही. वर्षाचे ६ लाख धरा. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ४ लाख माफ, उरलेल्या दोनवर ५ टक्के आणि सेस, १०,४०० रुपये. 'बारा लाखांपर्यंत शून्य कर' ही सूट फक्त निवासींना आहे, अनिवासींना नाही. जुनी वर्षं महाग पडतील, कारण २०२२-२३ पर्यंत आपोआप जुनी प्रणाली लागते आणि ६ लाखांवर ३३,८०० होतात. अद्ययावत रिटर्न (आयटीआर-यू) चार वर्षं मागे जाऊन भरता येतं. त्यावर व्याज आणि २५ ते ७० टक्के जादा कर, जितका उशीर तितका जास्त. तीनेक लाखांची तयारी ठेवा.

ते पैसे आहेत. पतसंस्थेत ११ टक्क्यांनी ठेवलेले ३ लाख काढा. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्यासारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं, आणि अनिवासीची ठेव तिथे असायलाही नको. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येईल, वाढवता येणार नाही.

आजारपण आणि मृत्यूसाठीच्या विम्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. भारतातली मेडिक्लेम असलीच, तरी ती सहसा भारतातल्या उपचारांसाठीच असते. मेंदूला चढलेला मलेरिया किंवा तिथल्या एम-१ महामार्गावरचा रात्रीचा अपघात झाला, की जोहान्सबर्गला हलवावं लागतं आणि विमान-रुग्णवाहिकेचं बिल हजारो डॉलरमध्ये येतं. पाठवणाऱ्या संस्थेने गटविमा काढावा, त्यात हलवण्याचा खर्च हवा. आणि तुमच्या नावाचा एक कोटीचा साधा टर्म विमा घ्या, वर्षाला २० हजारांच्या आतबाहेर. पुढच्या रजेत भारतात असताना वैद्यकीय तपासणी उरका आणि अर्जात मलावीचा मुक्काम स्पष्ट लिहा. काही कंपन्या नाकारतील, काही जास्त हप्ता मागतील. तुम्ही गेलात तर पत्नीला मिशनचं घरही सोडावं लागेल, एवढं डोळ्यांसमोर ठेवा.

पेन्शन यानंतर. तूट भरून निघाली, कर भागला आणि सहा महिन्यांचा खर्च एनआरओत साठला, की एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) सुरू करा. ते अनिवासींना चालतं. महिना ५,००० एकोणीस वर्षं, १० टक्क्यांनी, ३२ लाख होतील. महागाई ६ टक्के धरली तर आजचे दहा-अकरा लाख. यात म्हातारपण निघत नाही, रक्कम दर दोन वर्षांनी वाढवावीच लागेल, आणि तीही मंडळ्यांसमोरच्या तक्त्यात एक ओळ म्हणून मांडा.

बंधूंना आजच 'नको' कळवा. घाईत सही केली असेल, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. अर्ज कंपनीला थेट ईमेल करा, बंधूंच्या हाती देऊ नका.