ऑइल पेस्टलला तेल किती लावावे?

प्रश्न : ऑइल पेस्टलने सूर्यास्ताचे चित्र काढताना निळा आणि नारिंगी रंग एकमेकांत मिसळावेत, म्हणून मी स्वयंपाकाच्या तेलात कापसाची काडी बुडवून रंगांवर फिरवली. रंग मिसळले, पण मधला पट्टा मातकट झाला, भोवती तेलाची कड उमटली आणि आठ दिवसांनंतरही चित्र चिकट लागते. कोणते तेल वापरायला हवे होते? आता हे चित्र वाळेल का?

उत्तर : तुमचे चित्र तैलरंगासारखे कधीच वाळणार नाही, आणि त्याचा सगळा दोष तुमच्या तेलाला देता येणार नाही. ऑइल पेस्टलच्या कांडीत रंगद्रव्य मेण आणि न वाळणाऱ्या तेलात बांधलेले असते. त्यामुळे तेलाचा थेंबही न लावलेले चित्र पुढे कितीतरी दिवस बोटाला रंग देत राहते.

मात्र स्वयंपाकाचे तेल नकोच, कारण ते काही महिन्यांत खवट होते आणि कागदात पसरत राहते. जवसाचे तेल वाळते खरे, पण ते पिवळे पडते आणि अस्तर नसलेल्या कागदाला ठिसूळ करते. (या तेलाने माखलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवाव्यात.) त्यापेक्षा शुद्ध खनिज तेल बरे. बेबी ऑइल म्हणून जे मिळते ते बहुधा तेच असते, फक्त त्यात सुगंध घातलेला असतो. ते वाळत नाही, पण खवटही होत नाही.

खरी चूक तेलाच्या प्रमाणात झाली असावी. काडी तेलात बुडवल्यावर ती जुन्या कापडावर इतकी दाबून पुसावी की कागदावर टेकवली असता तिचा डाग न पडता जेमतेम ओलसर खूण उमटेल. आधी दोन्ही रंग कोरडेच, दाट भरून घ्यावेत, मग फिकट रंगाकडून गडद रंगाकडे छोटे वळसे घेत यावे आणि रंग बदलताच काडीचे दुसरे टोक वापरावे. तेल जास्त झाले की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि वरचा थर बसण्याऐवजी घसरतो. अशा वेळी टिश्यू पेपर नुसता टेकवून जादा तेल टिपून घ्यावे, घासू नये. कांडी मुळातच मऊ असेल, जशी सेनेलिए कंपनीने १९४९ साली पिकासोसाठी बनवली, तर तेलाविना बोटानेही काम भागते. तेलाची खरी गरज मेणाचे प्रमाण जास्त असलेल्या कडक कांड्यांना असते.

मातकट पट्ट्याचा तेलाशी संबंध नाही. निळा आणि नारिंगी हे परस्परविरोधी रंग असल्याने ते मिसळले की करडेपणा येणारच. दोघांच्या मध्ये फिकट गुलाबी किंवा जांभळट पट्टा ठेवून प्रत्येक रंग फक्त त्याच्या शेजाऱ्यात मिसळावा.

तेलाची कड टाळायची तर कागदावर आधी अॅक्रिलिक जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात द्यावेत. तेल कागदाच्या तंतूंपर्यंत पोहोचतच नाही, शिवाय जेसोचा खरखरीतपणा रंग धरून ठेवतो. आता उमटलेली कड मात्र जाणार नाही. चित्र ठेवायचेच असेल, तर जाड माउंट (चित्राभोवती बसवायची पुठ्ठ्याची चौकट) लावून काच रंगाला टेकणार नाही अशी फ्रेम करून घ्या. कोळशाच्या चित्रांवर रंग पक्का करण्यासाठी मारतात तो फिक्सेटिव्ह यावर फवारू नका, तो या रंगाला धरत नाही.