वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातील एक दिवस, आक्षीच्या किनाऱ्यावर

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत एखादा दिवस कुटुंबासह समुद्रकिनारी घालवावा आणि तेथील पक्षी निवांतपणे पाहावेत, अशी आमची इच्छा आहे. घरात दोन शाळकरी मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत; गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही. मुक्काम करायचा नाही. आमच्याकडे साधी दुर्बीण आहे, मोठा कॅमेरा नाही. गेल्या वर्षी अलिबागला गेलो असता दुपारभर उन्हात हिंडूनही दूरवरच्या काही ठिपक्यांपलीकडे काही दिसले नाही. कोठे आणि केव्हा जावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्याला ठिपके दिसले, म्हणजे पक्षी तेथे होते, फक्त त्या वेळी समुद्र त्यांना आपल्यापासून दूर घेऊन गेला होता. किनाऱ्यावरील पक्षी घड्याळाप्रमाणे वागत नाहीत, भरती-ओहोटीप्रमाणे वागतात. पाणी ओसरले की ओल्या वाळूचा आणि चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो व त्यातील किडे, शिंपले आणि खेकडे टिपण्यासाठी पक्षी पार पाण्याच्या कडेपर्यंत पांगतात. भरती चढू लागली की हाच पट्टा आकसत जातो आणि पांगलेले थवे पाण्यापुढे हळूहळू मागे सरकत किनाऱ्याजवळ येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास पक्षी पाहण्यासाठी सर्वांत चांगले असतात. त्या वेळी आपण चालत पक्ष्यांकडे जाण्याची गरज राहत नाही, एका जागी बसून राहिले तरी पक्षीच आपल्याकडे येतात, आणि सासूबाईंच्या दृष्टीने याहून सोयीचे काही नाही.

ही वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत सोपी आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता; आणि हीच वेळ सुमारे बारा तासांनी पुन्हा येते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच राहतो. या गणितात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, त्यामुळे जाण्याच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रातील किंवा मोबाईलवरील भरतीचे वेळापत्रक ताडून पाहावे; परंतु महिनाभर आधी सुट्टी ठरवताना भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे. आपण दुपारी गेला होतात, तेव्हा बहुधा सप्तमी ते दशमीच्या दरम्यानची तिथी असावी, कारण त्या दिवसांत भर दुपारी ओहोटी असते.

सकाळीच जावे असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण केवळ ऊन नव्हे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे पक्ष्यांचे रंग, चोचींची ठेवण आणि पायांचा रंगसुद्धा स्वच्छ दिसतो. दुपारनंतर तोच सूर्य समोर येतो आणि चकाकत्या पाण्यावर सगळे पक्षी काळ्या आकृत्यांसारखे दिसू लागतात. शिवाय सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो व पाणी तुलनेने शांत असते, तर दुपारी खारा वारा सुटला की दुर्बीण हातात स्थिर धरणेही कठीण होते. आता दोन्ही गोष्टी जुळवून पाहाव्यात. डोंबिवलीहून पनवेल-पेण मार्गे पहाटे पाचला निघालात, तर वडखळच्या वाहतुकीचा हिशेब धरूनही साडेआठच्या सुमारास पोहोचता येते. तेव्हा भरती नऊ ते साडेदहाच्या दरम्यान पूर्ण होणारा दिवस हवा, म्हणजे मार्गशीर्ष किंवा पौषातील द्वादशी, त्रयोदशी किंवा चतुर्दशी. यांतील जी तिथी शनिवार-रविवारी येणार नाही, ती निवडावी. द्वादशीच निवडलीत, तर मात्र घरून तासभर आधी निघावे.

ठिकाण म्हणून मी आक्षी सुचवतो. अलिबागहून नागावकडे जाताना काही किलोमीटरवर हे गाव लागते. नागावच्या किनाऱ्यावर पाण्यातील खेळ, घोडागाड्या आणि गर्दी असते. आक्षीला सुरूच्या बनाची सावली, सपाट लांब पुळण आणि खाडीचे मुख आहे, आणि वाळू व चिखल असे दोन्ही प्रकार जवळजवळ असल्यामुळे पक्ष्यांचे वैविध्यही अधिक आहे. (याच गावात शिलाहारकालीन शिलालेख आहे, मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. मुलांना तो जाता-जाता जरूर दाखवावा.) सुरूच्या कडेला घडीची खुर्ची टाकून सासूबाईंना बसवावे आणि बाकीच्यांनीही त्यांच्याजवळच चटई अंथरावी. उभी, हालचाल करणारी माणसे पक्ष्यांना जितकी खटकतात तितकी खाली बसलेली माणसे खटकत नाहीत. एक सावधगिरी मात्र बाळगावी. या तिथी उधाणाला लागून येतात, मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात तेव्हा भरती-ओहोटीतील फरक चार मीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असतो, आणि सपाट वाळूवर पाणी फार वेगाने पसरते. खाडीच्या मुखाशी उंचवटा दिसला म्हणून मुलांना तेथे जाऊ देऊ नये; मागच्या बाजूने पाणी भरले की परतीची वाट उरत नाही.

काय दिसेल, ते आता सांगतो. सर्वांत आधी नजरेत भरतात ते कुरव. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा असे दोन कुरव येथे मोठ्या संख्येने येतात, परंतु हिवाळ्यात दोघांचेही डोके पांढरेच असते, फक्त डोळ्यामागे एक काळसर डाग राहतो. त्यामुळे पुस्तकातील नाव पाहून गोंधळू नये. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचे डोळे फिकट असतात आणि उडताना त्याच्या पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके दिसतात, एवढी खूण पुरेशी आहे. हा पक्षी लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांवर वीण करतो आणि थंडीसाठी आपल्या किनाऱ्यावर उतरतो. कुरवांच्या थव्यातच, त्यांच्याहून सडपातळ आणि टोकदार पंखांचे सुरय बसलेले असतात. सुरय हवेतून पाण्यात सूर मारतात, त्यामुळे मुलांना ते विशेष आवडतात.

मला विचाराल, तर खरी गंमत वाळूवरील लहान पक्ष्यांत आहे, आणि तेथे घाई अजिबात करू नये. चिखल्या पक्ष्याची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात. तो पाच-सहा पावले पळतो, थबकतो, पाहतो आणि टिपतो, कारण त्याची शिकार नजरेवर चालते. गॉडविट मात्र लांब चोच शिलाईयंत्राच्या सुईप्रमाणे वाळूत खालीवर करत राहतो, कारण त्याला खोलवरचे किडे चोचीच्या टोकाच्या स्पर्शाने शोधायचे असतात. कोरल पक्ष्याची बाकदार चोच त्याहूनही लांब असते आणि ती खेकड्यांच्या बिळात उतरते. शुभ्र, इवलासा सँडरलिंग ओसरणाऱ्या लाटेमागे धावतो आणि पुढची लाट येताच तिच्यापुढे पळत सुटतो. एकाच हातभर वाळूत इतके पक्षी न भांडता जेवू शकतात ते या चोचींच्या फरकामुळे. मुलांना नावांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा प्रत्येकाने एकच पक्षी निवडून दहा मिनिटे तो कसा खातो एवढेच पाहावे. काळा-पांढरा, नारिंगी चोचीचा कालवफोड्या दिसला, तर तो दिवस भाग्याचा समजावा. डोक्यावर ब्राह्मणी घार तर असेलच. पांढऱ्या पोटाचा मोठा समुद्री गरुडही रायगडच्या किनाऱ्यावर अधूनमधून दिसतो, आणि तो आला की खालचा सगळा थवा एकदम उठतो, त्यावरूनच तो ओळखावा.

थवा आपण मात्र कधीही उठवू नये. उडते छायाचित्र मिळावे म्हणून मुद्दाम धावत जाणारे लोक अलीकडे वाढले आहेत, आणि हा प्रकार मला अक्षम्य वाटतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या आणि वसंतात परत जायचे असलेल्या पक्ष्याला भरतीपूर्वीचे हे काही तास पोट भरण्यासाठी हवे असतात. प्रत्येक विनाकारण उड्डाणात त्याची कमाई खर्च होते. मोटार वाळूवर उतरवू नये, हे वेगळे सांगायला नको.

आपली दुर्बीण आठपट असेल तर उत्तम. दहापट दुर्बीण हातात हलते. भरती पूर्ण झाल्यावर तासाभराने मुलांना ओल्या वाळूकडे न्यावे, कारण पाणी हटताच तेथे चिमुकले खेकडे वाळूतील अन्नकण गाळून घेऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती मांडू लागतात. जेवण गावातील एखाद्या घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवावे. थंडीच्या दिवसांत पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) मिळेल का, हेही तेव्हाच विचारावे. त्या तिथीला चारच्या सुमारास ओहोटी असल्याने कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते, आणि तो मोह होईल. परंतु निवांत दिवस हवा असेल, तर किल्ला पुढच्या खेपेसाठी ठेवावा.

प्रश्न : गेटवेहून मांडव्याला जाताना बोटीमागे कुरवांचे थवे येतात आणि प्रवासी त्यांना गाठ्या, फरसाण घालतात. यात काही गैर आहे का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : आहे. कुरव मासे, किडे आणि समुद्रात मिळणारे इतर अन्न खातो. तळलेले, खारट पीठ हे त्याचे अन्न नव्हे. बोटीमागे फिरणाऱ्या पक्ष्यांना त्याची सवय लागते, आणि रिकामी पाकिटे पाण्यात जातात ती वेगळीच. थवा मासळीच्या आशेनेही बोटीमागे येतो, त्यामुळे काही न टाकताही तो अगदी जवळून पाहता येतो.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत कासवाची पिल्ले समुद्रात सोडताना पाहता येतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा नाही. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालू लागतात आणि पिल्ले बाहेर पडण्यास पुढे दीड ते दोन महिने लागतात. वेळास आणि आंजर्ले येथे ग्रामस्थ व वन विभाग अंडी कुंपणातील सुरक्षित जागेत हलवतात. वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली सुरू केले. पिल्ले सकाळी किंवा संध्याकाळी सोडतात, त्यामुळे पुण्याहून एका दिवसात ते साधत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत एका रात्रीच्या मुक्कामाची तयारी ठेवावी आणि निघण्यापूर्वी गावात फोन करून चौकशी करावी, कारण पिल्ले रोज बाहेर पडतातच असे नाही.