एका गुंड्याची साखळी

“मॅडम, आवडीने सुरू केलं होतं हो. आता सुईला हात लावावासा वाटत नाही.”

हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरचा माणूस बोलायला लागला की पुढचं मला आधीच कळतं. कोणाची लोकर असते, कोणाचं क्रोशे, कोणाचं भरतकाम. एक निवृत्त गृहस्थ तंगुसात मणी ओवून छोटी छोटी घुबडं करायचे. एक कॉलेजातली मुलगी दोऱ्याच्या गाठी मारून पट्टे विणायची. सगळ्यांची तक्रार फिरून एकाच ठिकाणी येते: एवढा वेळ घालवायचा, त्याचा उपयोग काय?

यासाठी म्हणून कोणी समुपदेशकाकडे येत नाही. येतात ते झोपेसाठी, चिडचिडीसाठी. हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत, उठता उठता निघतं, “म्हणजे फार मोठं काही नाही” असं म्हणत. मला ते मोठं वाटतं. म्हणून आज एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

ताई पंचेचाळिशीच्या. झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या. पहिल्याच भेटीत त्यांच्या मांडीवर मण्यांची एक लहानशी पिशवी होती. बारीक काचेचे मणी, सगळे टाके एका ओढीचे, कुठे सैल नाही, कुठे आवळलेला नाही. मला राहवलं नाही. “किती सुरेख आहे! बाजारात असं मिळणार नाही,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. “हो, सगळे तसंच म्हणतात,” एवढंच बोलल्या आणि पिशवी पर्समध्ये टाकली.

ते उतरणं मला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. बाईंना स्तुती घेता येत नाही, अशी मनाशी नोंद करून मी मोकळी झाले. इतक्या वर्षांच्या कामानंतरही अशा चुका होतात.

पुढच्या दोन भेटींत चित्र उलगडलं. ताई लहानपणापासून विणायच्या. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणालं, “इतकं छान करतेस, विकत का नाहीस?” मग ऑर्डरी आल्या. त्या मी विचारायच्या आत सांगू लागल्या, “एका पिशवीला अठरा तास लागतात. छोट्या रुमालाला सात. गिऱ्हाइकाने रंग बदलून मागितला तर अजून दोन.”

“पूर्वी किती लागायचे?”

“पूर्वी कोण मोजत होतं!”

वर्षभरात ऑर्डरी बंद केल्या. मोजणं मात्र बंद झालं नाही. स्वतःसाठी काही घेऊन बसल्या तरी मनात हिशोब सुरू: एवढ्या वेळात कपाट आवरून झालं असतं, मुलाच्या अभ्यासाचं बघून झालं असतं. “हात रिकामे असले की अपराधी वाटतं, आणि विणायला बसलं की त्याहून जास्त अपराधी वाटतं,” त्या म्हणाल्या. कपाटाचा एक अख्खा कप्पा अर्धवट कामांनी भरला होता. रात्री पडल्या पडल्या तो कप्पा डोळ्यांसमोर येई. झोप तिथे अडकली होती.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीत तयार झालेली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी १९५५च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिचा गाभा मराठीत एका अक्षरात मावतो: ‘च’. करायचं तर उपयोगाचंच. सुरू केलं तर पूर्ण झालंच पाहिजे. चांगलंच झालं पाहिजे. इच्छेला हा ‘च’ चिकटला की तिचा हुकूम होतो, आणि हुकमाखाली कोणाला मजा येते? ताईंच्या बोलण्यात असे ‘च’ पोत्याने होते. मी ते एकेक करून त्यांना दाखवले. त्यांना पटले. वहीत लिहूनही घेतले. पुढच्या वेळी त्या होत्या तशाच आल्या.

“पटतं मॅडम, पण बसलं की तेच होतं.”

वाद जिंकूनही काही हलत नाही, तेव्हा वाद बाजूला ठेवावा, एवढं मी अनुभवाने शिकले आहे. त्या दिवशी काही ठरवून नाही, सहज विचारलं, “ताई, तुम्ही असं काही केलंय का कधी, जे कोणालाही दाखवलं नाही, दिलं नाही, वापरलंही नाही?”

“नाही बाई. असं कशाला करीन?”

मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “एक आहे. पण ते काही… ते काम म्हणण्यासारखं नाही.”

सासूबाई दवाखान्यात होत्या. चार रात्री ताई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. पिशवीत क्रोशाची सुई आणि लोकरीचा एक गुंडा होता. नमुना करायला, खांब मोजायला डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणून नुसती साखळी घातली. ज्यांना क्रोशे येत नाही त्यांच्यासाठी सांगते, साखळी म्हणजे पहिला धडा. सुईवर एक फास, त्यातून दोरा ओढायचा की दुसरा फास, त्यातून पुन्हा. तिच्यावर पुढचे खांब, म्हणजे उंच टाके, उभे राहतात. नुसती साखळी म्हणजे नुसता पाया.

“किती लांब झाली?”

“मोजली नाही. गुंडा संपेपर्यंत घातली. मग तिचाच गुंडा करून ठेवला.”

“कुठे आहे?”

“आहे कपाटात.”

“तिचं काय करणार आहात?”

“काय करणार? काहीच नाही.”

“मग उसवून लोकर परत का नाही घेतली?”

हा प्रश्न विणणाऱ्यालाच कळेल. सुयांवरचं विणकाम उसवताना ओळभर घरं, म्हणजे सुईवरचे फास, मोकळी राहतात, ती सांभाळावी लागतात. साखळीचं तसं नसतं. सगळी साखळी शेवटच्या एका फासावर तोललेली असते. तो सोडला आणि दोरा ओढला की सर्रकन सगळी सुटते. दोन मिनिटांचं काम. ताई, ज्या अर्ध्या वावाचा तुकडाही वाया जाऊ देत नाहीत, त्यांनी ते सहा वर्षं केलं नव्हतं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, अगदी त्यांच्याच शब्दांत, “एवढा वेळ घातलात, तिचा उपयोग काय?”

“उपयोग काय म्हणजे?” आवाज चढला होता. पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या होत्या. “त्या चार रात्री मी दुसरं काय धरून बसले होते?”

आणि मग त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं असावं. डोळे भरून आले, पाठोपाठ हसूही. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं तर सगळं विस्कटतं, आणि मला उघडावंसं फार वाटत होतं.

पुढच्या भेटीला त्यांनी ती साखळी आणली. राखाडी लोकर, संत्र्याएवढा गुंडा. बाहेरचे फास एकसारखे होते. आतल्या टोकाकडचे कुठे घट्ट, कुठे सैल. “ही पहिली रात्र,” घट्ट भागावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. त्यावर मी “वा, किती छान” म्हटलं नाही. पहिल्या भेटीतली माझी चूक मला तिथे कळली. मीही त्यांच्या पिशवीला भावच लावला होता, फक्त कौतुकाच्या भाषेत.

कौतुकाने, बक्षिसाने आवड मरते का? नेहमी नाही, पण मरू शकते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पुन्हा रंग समोर ठेवले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. म्हणजे घात प्रशस्तिपत्रकाने नव्हे, ‘याच्यासाठी कर’ या सौद्याने केला. ताईंच्या ऑर्डरी म्हणजे तीच फीत. आणि ऑर्डरी थांबल्यावर ‘घराच्या उपयोगाचं’ हा नवा सौदा त्यांनी स्वतःशीच केला होता.

त्यानंतर आम्ही जे ठरवलं ते मी आता बहुतेकांना सांगते. एक काम असं ठेवा, जे विकायचं नाही, भेट द्यायचं नाही, फोटो काढून कोणाला पाठवायचं नाही. लोक विचारतील, हे काय करतेयस? उत्तर तयार ठेवा: “काही नाही, विणतेय.” पहिले काही दिवस हे बोलताना जीभ अडखळते. ताईंची अडखळली. नवऱ्याला सांगताना त्यांनी लगेच “पाच मिनिटं, उठतेच” जोडलं होतं. तेवढं शेपूट कापायला आम्हाला एक अख्खी भेट लागली.

तास मोजू नका. मोजायचेच तर ओळी मोजा, मणी मोजा, ते मोजणं वेगळं असतं, त्यात मन विसावतं. मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ साली तल्लीनतेवर लिहिताना एक साधी गोष्ट दाखवली होती: काम कुवतीपेक्षा फार अवघड असलं की धास्ती येते, फार सोपं असलं की कंटाळा. म्हणून मुरलेल्या विणकरणी दोन कामं हाताशी ठेवतात. एक डोकं लावायचं, एक गप्पा मारता मारता करायचं. थकल्या दिवशी अवघड नमुना उघडून चुका करायच्या आणि मग स्वतःला बोल लावायचा, हा उद्योग बंद करा.

अर्धवट कामांच्या कप्प्याचं काय? खाली बसून सगळं बाहेर काढा. जे हातात घेतल्यावर अजून बोटं वळवळतात ते ठेवा. बाकीचं उसवा किंवा सुईसकट दुसऱ्या कोणाला देऊन टाका. उसवलेली लोकर कुरळी होते, तिला टाक्याची सवय लागलेली असते. लडी करून ओली केली आणि सुकत टाकली की बरीच सरळ होते. ताईंनी अकरापैकी सात कामं उसवली. “पाप केल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं,” त्या म्हणाल्या, “पण कपाट हलकं झालं.” (जाता जाता: लोकर जमवणं आणि लोकर विणणं हे दोन वेगळे छंद आहेत. दोन्ही असायला हरकत नाही, पण एकाचा राग दुसऱ्यावर काढू नये.)

विकायचं असेल तर खुशाल विका. त्यात कमी काही नाही. फक्त त्याचा डबा, त्याची वेळ वेगळी ठेवा.

आता दोन गोष्टी ज्या कौतुकाच्या भरात कोणी सांगत नाही. विणकामाने मन शांत होतं हे खरं वाटावं असा पुरावा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विणणाऱ्या ३,५४५ जणांनी उत्तरं दिली होती, आणि जे जास्त वेळा विणत होते ते जास्त शांत वाटत असल्याचं सांगत होते. पण ती सगळी विणणारीच माणसं, आपल्याच आवडीबद्दल बोलणारी. तेव्हा सुईला औषध समजू नका. विणकामच नव्हे, तर जेवण, माणसं, गाणी, सगळ्यातलीच गोडी दोन आठवड्यांहून जास्त काळ गेली असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो छंदाचा प्रश्न नाही. तेव्हा डॉक्टरांना भेटा. आणि घरात कोणी बोलायला आलं की तुम्ही मान खाली घालून टाके मोजायला लागत असाल, तर तिथेही सुई खाली ठेवायला हवी. माझ्याकडे अशीही माणसं येतात.

ताईंची झोप हळूहळू सुधारली. सगळं श्रेय छंदाला देणार नाही, बाकीही बरंच बोलणं झालं होतं. शेवटच्या भेटीला त्या आल्या तेव्हा हातात गोल विणकाम होतं. पहिल्या फेरीत बारा खांब, दुसरीत चोवीस, तिसरीत छत्तीस, असे दर फेरीला बारा वाढले तर गोल सपाट बसतो. चौथ्या फेरीत त्या वाढ विसरल्या होत्या, त्यामुळे कड आत वळून त्याची वाटी झाली होती.

“उसवणार?” मी विचारलं.

“बघू. वाटी आवडलीय मला. पण पुढे नेली तर टोपी होईल, आणि इथून वाढ सुरू केली तर…” आणि त्या सांगत राहिल्या, बोटांनी कड उलगडून, मग पुन्हा आत वळवून. मी घड्याळ पाहिलं तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. त्या उठल्या, चपला घातल्या, दार ओढून गेल्या. पुढची वेळ ठरवायची दोघींच्याही लक्षात राहिली नाही.