माल धडधाकट, मग डॅमरेज कसलं?

प्रश्न : आम्ही परदेशातून जुने रेपियर माग मागवले. माल धडधाकट पोचला, तरी एजंटच्या बिलात 'डॅमरेज' आणि 'डिटेन्शन' असे दोन आकार आहेत. काही मोडलंच नाही, तर डॅमरेज कसलं? हा शब्द आला तरी कुठून?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : न्हावा-शेवा बंदरात क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देण्याच्या कामात होतो, तेव्हा हाच सवाल पार्ट्या मला भांडणाच्या सुरात विचारायच्या. डॅमरेजचा डॅमेजशी काडीचा संबंध नाही. इंग्रजी उच्चार 'डिमरेज'. थांबणं, रेंगाळणं अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला. उजर घेणं या अर्थाचं इंग्रजी 'डिमर' त्याचंच भावंड. सरकारी कागदावर 'विलंब शुल्क' लिहितात. गोदीत मात्र डॅमरेजच.

शब्द मूळचा जहाजाचा. भाडेकरारात माल चढवा-उतरवायला मुदत असते; ती उलटली की जहाजमालक रोजाचा दर लावतो. काम मुदतीआधी उरकलं तर उलट तोच पैसे देतो, त्याला डिस्पॅच म्हणतात. त्याचा दर मात्र बहुधा डॅमरेजच्या निम्मा. देताना हात आखडताच! शिवाय एकदा डॅमरेज चालू झालं की, करारात वेगळं कलम नसेल तर, रविवार किंवा पाऊस वजा होत नाही. रेल्वेत वॅगन अडकली तर डॅमरेज, माल आवारात पडून राहिला तर वार्फेज.

आता तुमचं बिल. साधारणपणे भरलेला कंटेनर फुकट (बिनआकाराच्या) दिवसांपलीकडे बंदरात राहिला तर डॅमरेज, आणि बाहेर नेलेला डबा रिकामा करून वेळेत परत दिला नाही तर डिटेन्शन. एजंटचा एकरकमी आकडा मान्य करू नका; मूळ पावत्या मागा आणि दोन्हींच्या तारखा ताडून पाहा.

जुन्या यंत्रांना चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो, त्यात दिवस जातात. 'कस्टम्सनं अडवलं, आमचा काय दोष?' हा युक्तिवाद फारसा टिकत नाही. कस्टम्सची अडवणूक चुकीची ठरली तरी माल सांभाळणारा डॅमरेज मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ग्रँड स्लॅम खटल्यात म्हटलं. पुढच्या खेपेला जहाज लागण्याआधीच बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरणपत्र भरा. उशीर होणारच असं दिसलं, तर कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ खाली माल सार्वजनिक वखारीत हलवायची परवानगी मागा. वखारीचं भाडं पडेल, पण ते आधी विचारून घेता येतं.