पायाचे घट्टे घासून काढले तरी परत येतात आणि टाचांना भेगा पडतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पंज्याखाली आणि अंगठ्याच्या कडेला जाड घट्टे झालेत, टाचा कोरड्या पडून फुटतात, आणि दर थोड्या दिवसांनी घासून काढलं तरी परत तेच. माझं काम दिवसभर उभं राहायचं आहे त्यामुळे हा त्रास मला चांगला माहितीये, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं 'परत तेच' हेच खरं दुखणं आहे.

घट्टा हा मुळात आजार नाहीये. एकाच जागी रोज दाब पडतो किंवा चप्पल-बूट घासतो तेव्हा तिथली त्वचा आतल्या भागाला वाचवायला स्वतःच जाड होते, केराटिनचे (त्वचेतलं कडक प्रथिन) थर चढवत जाते. मग तुम्ही वरचे थर घासून काढले आणि दुसऱ्या दिवशी तेच बूट घातले, तर ती पुन्हा जाड होणारच ना. म्हणून क्रीम कुठलं लावू हे विचारायच्या आधी घट्टा नेमका कुठे आहे ते बघा. पंज्याखाली दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी असेल तर बहुतेक हिल्स किंवा अगदी पातळ तळ, सगळं वजन तिथे जातंय. अंगठ्याच्या कडेला असेल तर पुढून निमुळता बूट, किंवा अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय का तेही बघा. आणि टाचेच्या कडेने गोल जाड झालं असेल तर मागून उघड्या चपला खूप वापरताय का? वजन पडलं की टाचेखालची चरबीची गादी बाजूला पसरते, मागे आधार नसला की जास्तच पसरते, आणि कडेची जाड कोरडी त्वचा तेवढी ताणली जात नाही मग तडकते. भेगा कडेलाच का पडतात त्याचं कारण हे.

बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात म्हणून मोठ्या पायाचा साइज घ्यायचा, उभं राहून बघायचं, आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण 1 सेंटीमीटर जागा हवी. खूप सैल पण नको, सैल बुटात पाय पुढेमागे सरकतो आणि घासूनच घट्टे होतात. दाबाच्या जागी मऊ इनसोल किंवा फोमचं पॅड टाकलं तरी बराच फरक पडतो.

आता कोरडेपणा. तळपायाच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात पण तैलग्रंथी नसतातच, त्यामुळे हातापायाच्या बाकी त्वचेला जे स्वतःचं तेल मिळतं ते तळपायाला मिळतच नाही, बाहेरूनच द्यावं लागतं आणि रोज द्यावं लागतं. कडक गरम पाणी आणि जास्त साबण याने अजून कोरडं होतं.

मी करतो ते असं, रात्री कोमट पाण्यात 10 मिनिटं पाय बुडवायचे, त्यापेक्षा जास्त नको, मग वज्री किंवा प्युमिस स्टोन ओला करून हलक्या हाताने घासायचं, एकाच दिवशी सगळं काढायच्या मागे लागायचं नाही, गुलाबी कोवळी त्वचा दिसायला लागली म्हणजे जास्त झालं. पाय टिपून घ्यायचे आणि थोडे ओलसर असतानाच क्रीम लावायचं. हे घासणं रोज नाही, आठवड्यातून दोनदा बास, क्रीम मात्र रोज.

क्रीममध्ये युरिया आहे का ते बघा. साधारण 10 टक्के युरिया त्वचेत पाणी धरून ठेवायला चांगला, 20-25 टक्क्यांचा जाड थर मऊही करतो. 40 टक्क्यांचं क्रीम पण मिळतं, ते खूप जाड घट्ट्यासाठी आणि फक्त घट्ट्यावरच लावायचं. उघड्या भेगेवर युरिया झोंबतो, म्हणून भेग भरेपर्यंत तिथे साधी पेट्रोलियम जेली लावा. जेली स्वतः पाणी देत नाही, आहे ते उडून जाऊ देत नाही, म्हणून ती एकदम कोरड्या पायावर लावण्यात फारसा अर्थ नाही. वरून सुती मोजे घाला, क्रीम टिकतं आणि रात्री उठलात तर पाय घसरत नाही. बोटांच्या बेचक्यात क्रीम नको, तिथे ओल राहून बुरशी होते.

ब्लेडने किंवा नेलकटरने घट्टा कापू नका प्लीज. सॅलिसिलिक अॅसिडच्या पट्ट्या मिळतात त्या चालतात, पण पट्टी घट्ट्याच्या मापाची कापून लावा, नाहीतर आजूबाजूची चांगली त्वचा भाजून निघते.

घरात कुणाला डायबेटिस असेल किंवा पायाला बधिरपणा असेल, रक्तपुरवठा कमी असेल, तर त्यांच्यासाठी हे नियम बदलतात. माझ्या वडिलांना डायबेटिस आहे आणि त्यांचे तळपाय मी रोज रात्री बघतो, कारण संवेदना कमी झाली की जाड घट्ट्याखाली जखम होते आणि माणसाला कळतही नाही. अशा लोकांनी अॅसिडच्या पट्ट्या वापरायच्या नाहीत, गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, घट्टा घरी काढायचा नाही, सरळ डॉक्टरांकडून काढून घ्यायचा. क्रीम मात्र त्यांनाही लावा.

अजून एक, प्रत्येक जाड जागा घट्टा नसते. घट्ट्यावर त्वचेच्या रेषा तशाच दिसतात आणि वरून दाबलं की दुखतं, मध्ये टोचणारा कडक कण असेल तर ते कुरूप. रेषा मध्येच तुटल्यात, आत बारीक काळे ठिपके आहेत आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की दुखतं, तर चामखीळ असू शकते, ती घासली तर पसरते. आणि एका किंवा दोन्ही तळपायांवर बारीक पांढरट कोंड्यासारखं सुटतंय आणि क्रीमने अजिबात फरक नाही, तर बुरशी असू शकते, तिला अँटिफंगल लागतं. सोरायसिस हा त्वचारोग पण असाच दिसतो.

भेगेतून रक्त येतंय, लालसर सुजलंय, पू आहे, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. नाहीतर बूट बदलून रोज क्रीम लावलंत तर टाचा आधी मऊ होतील, घट्ट्याला जास्त वेळ लागतो, 3-4 आठवडे तरी धरा. तोपर्यंत कुठले बूट घालता आणि घट्टा नेमका कुठल्या जागी आहे ते कमेंटमध्ये लिहा, दाब कुठून येत असेल ते मी नक्की सांगायचा प्रयत्न करेन.