"मी दुवा करीन" म्हणाली, म्हणजे ती नेमकं काय करणार?

तुम्ही विचारलंय की येत्या गुरुवारी आईचं ऑपरेशन आहे, ऑफिसातली मुस्लिम मैत्रीण "मी दुवा करीन" म्हणाली, तर हे बोलण्यापुरतं असतं की ती खरंच काही करते? आणि आई हिंदू असताना ते चालतं का?

ती खरंच करते. आमच्यात असं म्हटलं की ते अंगावर घेतलेलं काम असतं.

नमाज आणि दुवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमाजाच्या वेळा, शब्द, उठणं-बसणं सगळं ठरलेलं. दुवा म्हणजे मागणं, ते कधीही आणि आपल्या बोलीत करता येतं. बहुतेक जण नमाज संपल्यावर तिथेच मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजाच्या चटईवर, बसून हात पसरतात. आधी अल्लाहची स्तुती, मग पैगंबरांवर दरूद, म्हणजे त्यांच्यावर कृपा व्हावी अशी प्रार्थना, मग ज्याचं त्याचं नाव घेऊन मागणं. शेवटी आमीन म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे. तुमची मैत्रीण तुमच्या आईसाठी एवढं करील, आणि बहुधा गुरुवारपर्यंत रोज.

आजाऱ्यासाठी पैगंबर जी दुवा करत, तिचा अर्थ साधारण असा: "हे लोकांच्या पालनकर्त्या, हा त्रास दूर कर. बरं कर, बरं करणारा तूच आहेस. असं बरं कर की आजाराचा मागमूस राहू नये." तिची सुरुवात मला फार आवडते. "लोकांच्या पालनकर्त्या." तिथे कुणाच्या धर्माचं नाव नाही.

दुसऱ्यासाठी मागण्याची सवय आमच्या रोजच्या इबादतीतच, म्हणजे उपासनेतच, आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इमाम शाफईंची धर्मविधींची परंपरा मानणारे. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजात दुसऱ्या रकातीला, म्हणजे नमाजाच्या दुसऱ्या आवर्तनात, आम्ही उभ्यानं कुनूत ही दुवा म्हणतो. एकटा माणूस "इहदिनी" म्हणतो, मला मार्ग दाखव. इमाम, म्हणजे पुढे उभा राहून नमाज पढवणारा, मात्र "इहदिना" म्हणतो, आम्हाला दाखव. मागे माणसं उभी असताना इमामानं फक्त स्वतःपुरतं मागणं बरं मानत नाहीत.

त्यातही सगळ्यात मोलाची मानतात ती पाठीमागे केलेली दुवा. 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींत, एक प्रसंग आहे. सफवान नावाचे गृहस्थ शाममध्ये, म्हणजे सीरियाच्या भागात, पैगंबरांचे साथी अबू दर्दा यांच्या घरी गेले. ते घरी नव्हते, त्यांच्या पत्नी उम्मे दर्दा होत्या. त्यांनी विचारलं, यंदा हजला जाणार का? हो म्हटल्यावर म्हणाल्या, मग आमच्यासाठी दुवा करा. कारण पैगंबर सांगत, माणूस आपल्या भावासाठी त्याच्या माघारी दुवा करतो ती कबूल होते, त्याच्या डोक्याशी नेमलेला फरिश्ता, म्हणजे देवदूत, प्रत्येक मागण्याला म्हणतो, "आमीन, आणि तुलाही तेवढंच मिळो." पुढे सफवान बाजारात गेले तर तिथे अबू दर्दा भेटले आणि त्यांनीही हेच सांगितलं.

हदीसेतले शब्द मुसलमान भावाबद्दल आहेत. पण माझी आई ते कसं जगते ते सांगतो. आमचं गाव दापोली तालुक्यात. लहानपणी फजरनंतर चहाची वाट बघत मी तिच्याजवळ बसायचो आणि तिची दुवा संपायचीच नाही. कुवेतला असलेला मामा, बाळंतीण मावशी, परीक्षेला बसलेली गल्लीतली पोरं. एका पावसाळ्यात शेजारच्या काकू घसरून पडल्या, पाय मोडला. त्यानंतर कित्येक महिने त्यांचं नाव रोज कानावर पडायचं. काकूंना ते कधी कळलं नाही, आईनं सांगितलंच नाही.

आता चालतं का, याबद्दल. आजारी माणूस कुठल्याही धर्माचा असो, त्याच्या बरं होण्याची दुवा चालते. पैगंबरांचे काही साथी प्रवासात असताना एका टोळीनं त्यांना जेवूखाऊ घालायला नकार दिला. त्याच टोळीच्या सरदाराला विंचू चावला, तेव्हा यांच्यातल्या एकानं त्याच्यावर सूरह फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, पढली आणि तो उठून चालू लागला. पुढे पैगंबरांनी हे योग्यच ठरवलं. उलेमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, आक्षेप आहे तो मुसलमान नसलेल्यासाठी मृत्यूनंतर क्षमा मागण्यावर, सूरह तौबाच्या ११३व्या आयतीच्या आधारानं. अर्धवट सांगायला नको म्हणून हेही लिहिलं. तुमच्या आईच्या दुखण्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि दुवा औषधाच्या जागी नसते. उपचार करा, असं पैगंबरांनीच सांगितलंय.

मैत्रिणीला आईचं नाव सांगा, ऑपरेशनची वेळही कळवा. आणि झाल्यावर तिला फोन करायला विसरू नका. तुमचा निरोप मिळेपर्यंत ती मागत राहील. मिळाला की मग अल्लाहचे आभार मानायला बसेल.

मी आज रात्री माझ्या आईला फोन करतोय. तुमच्या आईचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा एका लेकीची आई आहे, गुरुवारी ऑपरेशन आहे, एवढंच सांगतो. तिला तेवढं पुरतं.